ब्रायटनची छत्री आणि आपलं वऱ्हाड



छत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दोन गोष्टी येतात. एक, मृगाच्या आधी दुरुस्तीला टाकतो ती. दुसरी, जुन्या मोठ्या माणसाच्या समाधीवर बांधलेली, खांबांवर घुमट असलेली. आज आम्ही त्या दुसऱ्या छत्रीबद्दल सांगणार आहोत. ही छत्री इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटन शहराबाहेरच्या एका उघड्या गवताळ टेकडीवर उभी आहे. पांढरा संगमरवरी घुमट, आठ खांब, आणि ग्रॅनाइटच्या तीन मोठ्या लाद्या. तिथले इंग्रज लोकही तिला छत्रीच म्हणतात. दुसरा शब्द त्यांच्याकडं नाही.

आम्ही दोघी जावा. मुलं तिकडं नोकरीला, म्हणून दोन खेपांना सहा-सहा महिने त्या भागात आमचं राहणं झालं. दरवर्षी जून महिन्यात एका रविवारी या छत्रीजवळ महायुद्धात मेलेल्या भारतीय सैनिकांच्या आठवणीचा कार्यक्रम होतो असं कळलं, आणि आम्ही गेलो. टेकडीवर पक्की सडक जात नाही. शेवटचं अंतर गवतातून पायीच चढावं लागतं. पातळाचा घोळ सावरत आम्ही वर पोचलो तर माणसं गवतावरच बसलेली. पगड्या बांधलेले शीख, छातीवर पदकं लावलेले म्हातारे गोरे माजी सैनिक, नेपाळी बाया, शाळेची पोरं. प्रार्थना झाल्या, फुलांची चक्रं ठेवली. मग बिगुल वाजलं आणि दोन मिनिटं सगळे गप्प. लहान पोरंसुद्धा गप्प. नुसता वारा ऐकू येत होता.

आता हे कोण सैनिक, आणि त्यांची छत्री तिथं कशी, ते ऐका.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा आपण इंग्रजांच्या राज्यात. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या पलटणी जहाजात घालून फ्रान्सला नेल्या. ऐन हिवाळा, चिखलाचे खंदक, वरून तोफा. जखमी झालेल्यांना समुद्र ओलांडून इंग्लंडात आणत. ब्रायटनमध्ये इंग्रज राजाचा एक जुना राजवाडा आहे, घुमटांचा, मनोऱ्यांचा, थेट आपल्याकडच्या वाड्या-मशिदींची नक्कल. डिसेंबर १९१४ मध्ये त्यातच भारतीय जखमींचं हॉस्पिटल उघडलं. हिंदूंचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, मांस खाणाऱ्यांचं वेगळं, न खाणाऱ्यांचं वेगळं, अशी तिथं तब्बल नऊ स्वयंपाकघरं होती. पाण्याचे नळही वेगवेगळे. १८५७ चं बंड इंग्रज विसरले नव्हते. शिपायाचा धर्म बाटला असा बोभाटा झाला तर पुढची भरती थांबेल, ही भीती त्यांना होती. माणुसकी होती की हिशेब? आम्हाला विचाराल तर दोन्ही होतं, आणि हिशेब जरा जास्त होता.

त्या हॉस्पिटलांमध्ये जे हिंदू आणि शीख शिपाई वारले, त्यांना या टेकडीवर आणून दहन दिलं. असे ५३ जण. राख समुद्रात सोडली. मुसलमान शिपायांना वोकिंग गावच्या मशिदीजवळ दफन केलं. ज्या चौथऱ्यांवर चिता रचल्या त्यांच्यावरच या ग्रॅनाइटच्या लाद्या बसवल्या. छत्रीचा नकाशा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स नावाच्या तरुण वास्तुतज्ज्ञानं काढला. १ फेब्रुवारी १९२१ ला इंग्लंडच्या युवराजानं छत्रीचं उद्घाटन केलं. हाच युवराज त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला, तेव्हा गांधीजींनी त्याच्या स्वागतावर बहिष्कार घालून परळला परदेशी कापडाची होळी पेटवली. म्हणजे एकाच वर्षात एकाच माणसासमोर दोन ज्वाळांच्या गोष्टी. एक मेलेल्यांच्या चितांची, एक जिवंतांच्या रागाची.

पुढं दुसऱ्या महायुद्धात त्या टेकडीवर सैन्याचा सराव चालायचा. छत्रीलाही गोळ्या लागल्या. नंतर दुरुस्ती झाली. माजी सैनिकांची एक ब्रिटिश संघटना बरीच वर्षं तिथं कार्यक्रम घ्यायची, १९९९ ला तो थांबला. तेव्हा ब्रायटनमधल्या एका शीख शिक्षकानं तो पुन्हा धरला आणि आजवर चालू आहे. २०१० साली त्या ५३ जणांची नावं दगडावर कोरून छत्रीजवळ लावली. दहनानंतर जवळजवळ ९५ वर्षांनी.

आम्ही ती नावं एकेक करून वाचली. बहुतेक उत्तरेकडची. आमच्या शेजारी बसलेल्या एका पंजाबी आजीनं विचारलं, तुमच्याकडचं कोणी आहे का यात? वऱ्हाडचं म्हणून बोट ठेवावं असं नाव आम्हाला दिसलं नाही. आम्ही मान हलवली. पण तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. आपल्या अमरावती-अकोल्याचा या लढायांशी काही संबंध होता की नव्हता?

होता. आणि तो फार जुना आहे.

बायांनो, वऱ्हाड इंग्रजांकडं गेलं कसं, माहीत आहे? लढाई हरून नाही. फौजेच्या पगारापायी. आपला मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाचा. निजामाच्या नावानं पण इंग्रज साहेबांच्या हुकमतीत एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट नावाची. तिचा खर्च निजामानं द्यायचा. तो थकला, थकत गेला, कर्ज झालं. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून तह लिहून घेतला, आणि फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. मालक निजाम, वसूल करणारे इंग्रज. म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून शिपायांचे पगार निघत होते. सावकाराकडं वावर गहाण पडतं आणि मग पिढ्यान् पिढ्या सुटत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. इथं तर अख्खा प्रांत गहाण पडला होता. १९०२ साली लॉर्ड कर्झननं तो वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेऊन टाकला, आणि दुसऱ्या वर्षी ती फौजही इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिसळली.

या फौजेचं एक ठाणं आपल्या अचलपूरजवळ होतं. आज आपण परतवाड्याला बाजाराला जातो, मेळघाटात जायची गाडी तिथून धरतो. ते परतवाडा म्हणजे जुन्या एलिचपूरची छावणी. आणि अचलपूरचा नवाब सलाबतखान यानं १७८८ साली उभी केलेली एक पलटण फिरत-फिरत पुढं इंग्रजांच्या सैन्यात ९८ नंबरची पायदळ पलटण झाली. दुसऱ्या एका पलटणीच्या तर नावातच वऱ्हाड होतं, ९६ वी बेरार इन्फंट्री. इंग्रज आपल्या वऱ्हाडाला बेरार म्हणत. या पलटणी पुढं हैदराबाद रेजिमेंट झाल्या आणि १९४५ नंतर कुमाऊं रेजिमेंट. सलाबतखानाची ती जुनी पलटण म्हणजे आजची चौथी कुमाऊं. देशाचं पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे. ३ नोव्हेंबर १९४७ ला काश्मिरात बडगामला ते लढता-लढता गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे. पलटणीचा पाळणा अचलपुरात हलला, हे कुठं सांगत नाहीत.

तर १९१४ साली ही ९८ वी पलटण कुठं गेली? आफ्रिकेला. आजच्या टांझानियात समुद्रकाठी टांगा नावाचं बंदर आहे, तेव्हा ते जर्मनांच्या ताब्यात होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ८,००० हिंदी आणि गोरे शिपाई तिथं उतरवले. समोर जर्मनांकडं हजारेक माणसं, तीही बहुतेक आफ्रिकी शिपाई. तरी इंग्रज हरले. साहेब लोकांनी नीट टेहळणी केली नव्हती, शिपाई लांबच्या जहाजप्रवासानं गलितगात्र झाले होते. त्यातच झाडांवरच्या मोहोळांना गोळ्या लागल्या आणि चवताळलेल्या माश्या तुटून पडल्या. त्या नेमक्या या ९८ व्या पलटणीवर. पलटण फुटली. इंग्रजांच्या बाजूचे साडेतीनशेच्या आसपास मेले. इंग्रजी पुस्तकांत या लढाईला माश्यांची लढाई म्हणतात आणि गमतीनं सांगतात. आपल्या मेळघाटात मध काढायला जाणाऱ्या कोरकू माणसाला विचारा, आग्या मोहोळ उठलं तर त्यात गंमत किती असते.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. पलटणीचं नाव वऱ्हाडचं, पैसा वऱ्हाडचा, पण तोवर तिच्यातले बरेचसे शिपाई बाहेरचे होते. इंग्रजांनी काही जाती 'लढाऊ' ठरवल्या होत्या. वऱ्हाडचा कुणबी, माळी त्या यादीत नव्हता. महारांनी तर कंपनीच्या काळापासून सैन्यात नोकरी केली होती, तरी १८९२ मध्ये त्यांची भरती बंद केली. मग युद्धात माणसं कमी पडायला लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांनंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती कायमची. तिची दुसरी पलटण नागपूरजवळ कामठीला उभी राहिली. तेव्हा मात्र आपल्या भागातली पोरं भरती व्हायला फार दूर जावं लागलं नाही.

आता नावांचं बोलू.

फ्रान्समध्ये नव्ह शापेल या गावी १९२७ साली भारतीय सैनिकांचं मोठं स्मारक बांधलं. ज्यांचं प्रेत सापडलं नाही, कबर नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथल्या भिंतीवर आहेत. ते झालं युरोपात. पण आपले मराठी बोलणारे शिपाई सगळ्यात जास्त मेले ते इराकच्या बाजूला. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूत नावाच्या गावी तुर्कांनी इंग्रजांची फौज कोंडली. ती पुण्याची डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं, घोडे कापायची वेळ आली. पुष्कळ शिपायांनी ते मांस तोंडाला लावलं नाही आणि अंगावर रोग काढले. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यातले कित्येक परतलेच नाहीत. इकडं सातारा-रत्नागिरीच्या गावांत त्यांच्या बायका कुंकू लावायचं की पुसायचं, हे न कळता वर्षं काढत होत्या.

या सगळ्यांसाठी इराकमध्ये बसऱ्याला १९२९ साली स्मारक झालं. चाळीस हजारांवर मृतांचं. त्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांची नाही. पलटणीचं नाव, आणि पुढं आकडा. इतके मेले. बस. पाणी भरणारे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे, ओझी वाहणारे यांची तर आकड्यातच बोळवण. २०२१ साली या स्मारकांची देखभाल करणाऱ्या संस्थेनं स्वतःच चौकशी करून अहवाल दिला. आशिया-आफ्रिकेतल्या निदान ४५,००० मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीनं मान दिला गेला नाही. आणखी निदान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावंच कुठं कोरली नाहीत, काहींची तर नोंदच नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "अवो, रोजगार हमीच्या मस्टरवर बी नाव लिहितेत. मरणाऱ्याचं नाव लिहाले त्याईले काय जड झालं?" आम्हाला याच्याहून नेमकं काही सुचलं नाही.

आणि हे फक्त बसऱ्याला झालं असं नाही. पहिल्या युद्धानंतर सरकारनं आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत संगमरवरी पाट्या लावल्या. कोकणात, साताऱ्याकडं अजून दिसतात. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. त्यातही आकडाच. गावच्या चावडीवर लावलेली पाटी, जिथं प्रत्येक जण प्रत्येकाला नावानं ओळखतो, तिथंसुद्धा.

शिपायाचं नाव नाही, तिथं बाईचं कुठून येणार? पण बाया त्या युद्धात होत्या. फ्रान्समधले शिपाई लेखनिकाकडून पत्रं लिहून घेत आणि सरकारी माणसं ती फोडून वाचत. म्हणून शिपाई कोड्यात लिहायचे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं. म्हणजे काळे शिपाई मेले, आता गोऱ्यांना पुढं काढतात. हा मजकूर घरी वाचून दाखवणार गावचा मास्तर किंवा पाटील, आणि अर्थ लावणार ती चुलीपुढची बाई. मसाल्याचा डबा तिच्याच हातातला. तिला कळलं नसेल असं आम्हाला वाटत नाही.

वऱ्हाडात मात्र बायांवरची आपत्ती वेगळ्या वाटेनं आली. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात एक ताप उतरला. युद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर तो आला असं मानतात. आधी हलका होता. सप्टेंबरपासून असा भडकला की गावंच्या गावं आजारी. त्याला आपल्याकडं मानमोडी म्हणत. त्या साली पाऊसही नीट नव्हता, धान्य महाग. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा या साथीत देशात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक. पूर्ण देशात सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे. युद्धात परदेशी मेलेले भारतीय सैनिक सुमारे ७४,०००. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आणि पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या, त्यातही तरण्याताठ्या, लेकुरवाळ्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांनी करायची, पाणी त्यांनी आणायचं, उरलंसुरलं त्यांनी खायचं.

११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता युद्ध थांबलं. तिकडं आजही दरवर्षी त्या दिवशी त्या वेळेला दोन मिनिटं सगळं थांबतं. ही रीत १९१९ पासूनची. आमच्या दुसऱ्या मुक्कामात नोव्हेंबर आला, म्हणून तोही कार्यक्रम आम्ही चौकातल्या स्मारकापाशी उभं राहून पाहिला. छातीवर कागदाचं लाल फूल लावतात. ते खसखशीच्या जातीचं रानफूल, गव्हात तण म्हणून उगवणारं. तोफांनी उकरलेल्या जमिनीत त्याचंच रान माजलं होतं. उकरलेल्या मातीत तण जोर करतं, यात आपल्याला नवल नाही, पण त्या तणाला त्यांनी मान दिला हे आम्हाला आवडलं. २०१८ पासून भारतीय सैनिकांच्या आठवणीसाठी तेच फूल खादीचंही काढलंय. तर त्या दोन मिनिटांत आजूबाजूची माणसं आपापल्या पणजोबांना आठवत होती, आणि आमच्या मनात येत होतं ते भलतंच. १९१८ च्या त्याच हिवाळ्यात आपल्या गावांत मानमोडीनं मेलेल्यांना खांदे द्यायला माणसं पुरत नव्हती. त्या बायांचं स्मारक अमरावतीत नाही, अकोल्यात नाही, कुठंच नाही.

इथं कोणी म्हणेल, ती लढाई इंग्रजांची. त्यांच्या राज्यासाठी आपली पोरं मेली. त्यांच्या छत्रीपुढं आपण कशाला हात जोडायचे? प्रश्न खोटा नाही. आम्ही दोघींनी टेकडी उतरताना यावर बराच वाद घातला. पण तुमच्यातल्या कितीतरी जणी दर १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातात. तो खांबही कंपनी सरकारनं उभारला, १८१८ च्या स्वतःच्या विजयासाठी. त्यावर मेलेल्यांची नावं कोरली. त्यांत ज्यांच्या शेवटी 'नाक' आहे अशी महार शिपायांची सुमारे २२ नावं आहेत. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले, आणि तेव्हापासून त्या दगडाचा अर्थ बदलला. आज तिथं जाणारी बाई कंपनीला मुजरा करायला जात नाही. ती आपल्या माणसाचं नाव बघायला जाते. नावं कोरलेली होती म्हणून हे होऊ शकलं. आकडा कोरला असता तर कोणाच्या पायाशी फूल ठेवलं असतं?

असाच आणखी एक दगड इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे नावाचा बावीस वर्षांचा नाईक तिथं डोंगरात लढताना पडला. त्याच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा तो एकटा मशीनगनवर चालून गेला होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो घ्यायला दिल्लीला व्हाइसरॉयपुढं उभी राहिली त्याची बायको लक्ष्मीबाई. पदक हातात पडलं, पण नवऱ्याचं प्रेत सापडलंच नाही. कासिनो गावच्या भिंतीवर फक्त नाव आहे. जुलै २०२३ मध्ये मोंतोने या छोट्याशा इटालियन गावानं त्याच्या नावानं एक सूर्यघड्याळ बसवलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वाक्य त्यावर आहे. आपल्याकडं माणगावात त्याचा पुतळा आहे. लक्ष्मीबाईंचं नाव बातमीत एका ओळीत येतं, दिल्लीच्या त्या दिवसापुरतं.

आपल्याकडं मेलेल्यांना आठवायची रीत नाही, असं नाही हं. गावाबाहेर, महादेवाच्या देवळापाशी वीरगळ असतात, लढताना मेलेल्याचे. वर सूर्य-चंद्र, खाली लढाई. नाव बहुतेकांवर नसतंच, आणि आपण त्यांना शेंदूर फासून देव करून टाकलंय. आणि पितृपक्षात शेवटची ती सर्वपित्री अमावास्या. ज्याची तिथी माहीत नाही, जो कुठं, कधी मेला कळलं नाही, त्याचं पान त्या दिवशी वाढायचं. १९२० च्या ११ नोव्हेंबरला इंग्रजांनी लंडनमध्ये एका अनोळखी सैनिकाला राजाच्या मानानं पुरलं. ज्या-ज्या आईचा मुलगा सापडला नव्हता, तिला वाटावं हाच माझा. त्याच साली आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख शिकायला विलायतेला गेले होते. सर्वपित्रीसारखंच ते, फक्त आपण ते घरातल्या घरात करतो. मानमोडीत गेलेल्या बायांच्या तिथ्या तरी कोणी लिहून ठेवल्या होत्या?

आमच्या गटानं गेल्या पितृपक्षापासून एक वही घातली आहे. बचतगटाच्या हिशेबाचीच जुनी, मागची पानं कोरी होती. आधी पेट्या उघडायला लावल्या. महायुद्धाची पदकं असतील तर त्यांच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं असतात, शिपायाचं नाव, नंबर, पलटण. चिंचेनं घासली की वाचता येतात. पहिल्या युद्धात मेलेल्यांच्या घरी सरकारनं एक गोल ब्राँझचं तबक पाठवलं होतं, साधारण वाटीवरच्या झाकणाएवढं, त्यावर नाव उठवलेलं. तसलं काही भंगारात द्यायच्या आधी आम्हाला दाखवा, असं दवंडीसारखं सांगितलं. मग १९६२, १९६५, १९७१ आणि कारगिलची माणसं. ज्यांच्या घरी वीरपत्नी हयात आहेत त्यांचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट आहेत का, तेही विचारून घेतलं. मानमोडीसाठी वेगळं पान केलं. म्हाताऱ्यांना त्यांच्या आज्यांनी जे सांगितलं ते.

आतापर्यंत वहीत सात शिपायांची नावं आली आहेत. त्यातल्या चौघांच्या बायकांची नावं मिळाली. मानमोडीच्या पानावर पाच नावं आहेत, पाचही बाया. उरलेल्या तीन शिपायांपैकी दोघांच्या बायकांची नावं त्यांच्या माहेरी विचारतो आहोत. तिसरीला अख्खं गाव फौजीची बुढी म्हणायचं. तिचं खरं नाव गावात कोणालाच सांगता येईना, तिच्या नातवालाही नाही. तिच्या नावाची जागा कोरी सोडली आहे.